गटात बसलं की टीम होते का? नर्सिंगच्या वर्गातून आलेले प्रश्न

या वेळी प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, नर्सिंगच्या वर्गात सुरू झालेलं टीम-बेस्ड लर्निंग. म्हणजे लेक्चर कमी आणि टीम करून शिकणं जास्त. विचारणाऱ्यांत मुलं-मुली आहेत, एक ट्युटर आहेत, एक आई आहे आणि वॉर्डातल्या एक सिस्टर आहेत, त्या तर चांगल्याच तापलेल्या आहेत. मी स्वतः आधी वॉर्डात आणि नंतर बरीच वर्षं वर्गात काढली, त्यामुळे म्हटलं या अंकात हेच घेऊ. बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न : ताई, मी सेकंड इयरला आहे. या सेमिस्टरपासून आमच्याकडे सगळं टीममध्ये, सहा जणींची टीम आणि ती पण मॅडमनीच पाडून दिली, माझ्या सगळ्या मैत्रिणी दुसरीकडे गेल्या. फर्स्ट इयरला ग्रुप प्रोजेक्ट होतं तेव्हा चार्ट मी केला, टायपिंग मी केलं, प्रेझेंटेशन पण मीच दिलं, नावं मात्र आठ जणींची आणि मार्क सगळ्यांना सारखे. आता वर्षभर परत तेच होणार ना?

तुझा राग एकदम खरा आहे आणि तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेती-इंजिनियर होता, त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 साली ते छापलं. एकटा माणूस जेवढा ओढतो तेवढा तो दोघांत ओढत नाही, तिघांत अजून कमी, आणि आठ जण झाले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. आठ! तुमचा ग्रुप पण आठचाच होता बघ. पुढे 1979 मध्ये अमेरिकेत बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तपासलं, तिथेही तेच. थोडा भाग असा असतो की सगळ्यांचा जोर एका वेळी एका दिशेला लागत नाही, पण उरलेला भाग सरळ अंगचोरपणा. आणि तो येतो कारण कोणी किती ओढलं ते दिसतच नाही.

आता टीम-बेस्ड लर्निंगची गोष्ट इथून वेगळी होते. ही पद्धत लॅरी मायकलसन यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत काढली. ते काही नर्सिंगवाले नव्हते, बिझनेस शिकवायचे, त्यांचा चाळीस जणांचा वर्ग एकदम एकशेवीसचा झाला आणि लेक्चर देत बसायचं नव्हतं म्हणून हा मार्ग शोधला. त्यात पहिली गोष्ट काय तर तू एकटीने टेस्ट द्यायची. पेपर गोळा झाला की मग तीच टेस्ट, तेच प्रश्न, टीम म्हणून परत. म्हणजे कोण वाचून आलं आणि कोण नाही हे लगेच उघडं पडतं, आणि ते फक्त मॅडमसमोर नाही तर तुम्हा सहा जणींच्या आपापसात. माझा अनुभव सांगते, मार्कांची भीती लोक पचवतात पण "तू काही वाचलंच नाहीस ना" ही पाच जणींची नजर दोन वेळा झाली की तिसऱ्या वेळी पुस्तक उघडलं जातंच.

दुसरं म्हणजे तुझं ते चार्टवालं काम वाटून घेता येण्यासारखं होतं, आणि जे वाटता येतं ते शेवटी एकीच्याच गळ्यात पडतं. इथे वाटायला काही ठेवतच नाहीत. एकच केस, एकच निर्णय, तोही वर्गातच आणि सगळ्यांनी मिळून. घरी न्यायला काही नाही म्हणजे रात्री जागून एकटीने करायलाही काही नाही.

मैत्रिणी तोडल्या त्याचं पण कारण आहे. आपण टीम निवडली की हुशार हुशारांत जातात, हॉस्टेलवाल्या हॉस्टेलवाल्यांत, आणि उरलेल्यांची एक टीम होते जिला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की आपण उरलेल्या आहोत. शिवाय दोस्तांना तोंडावर "तुझं चुकतंय" म्हणणं फार जड जातं. मैत्रिणी सुट्टीत भेटतीलच की.

आणि सेमिस्टरच्या शेवटी एकमेकींना मार्क द्यायचे असतात ते तुमच्याकडे आहे का बघ. मायकलसन यांच्या पद्धतीत सरासरी दहा ठेवायची आणि सगळ्यांना सारखे द्यायचे नाहीत, कोणाला तरी अकरा आणि कोणाला तरी नऊ द्यावेच लागतात. मुलींना हे अजिबात आवडत नाही, रडारड होते, मी पाहिलीय. पण तुझ्यासारखीला जो न्याय हवाय तो तिथेच आहे. हे सगळं नसेल आणि फक्त "टीम करा आणि पोस्टर बनवा" एवढंच असेल तर मग तुझी भीती बरोबर, नाव बदललं आणि गाडा तोच.

प्रश्न : घरून वाचून यायचं, आल्या आल्या टेस्ट द्यायची, मग आपापसात बोलून उत्तर पण आम्हीच शोधायचं. मग शिक्षक करतात काय?

हा हा, मला पण हे तोंडावर विचारलं होतं एकाने. लेक्चरला एकदा तयारी केली की पाच वर्षं त्याच नोट्स चालतात रे बाबा, इथे दर वेळी अशी केस लिहावी लागते की जिच्यावर चाळीस मिनिटं भांडण चालेल. लिहून बघ एक, मग बोलू.

टेस्टचं मात्र समजून घे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग केला. काही मुलांनी एक उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. तुला परीक्षा पाच मिनिटांनी नसते आणि पेशंट तर त्याहून नंतर भेटतो. त्यामुळे टेस्ट म्हणजे शिक्षा नाही, तोच अभ्यास आहे. हां, मॅडम एका रात्रीत सत्तर पानं वाचायला देत असतील तर त्यांना हा अंक दाखव आणि माझं नाव सांग. वीस-पंचवीस पानं, त्यातही काय शोधायचं ते सांगून, यापेक्षा जास्त मी कधी दिलं नाही.

प्रश्न : मी नर्सिंग ट्युटर आहे. वर्गात साठ विद्यार्थी, हॉल एकच, बाकं जमिनीला पक्की आणि मी एकटी. प्रयत्न म्हणून गट करून "फ्लुइड बॅलन्सवर चर्चा करा" असं दिलं तर दहा मिनिटांत बाजार भरला, अर्धे मोबाईलवर. ही पद्धत आमच्यासारख्यांना जमेल का?

बाजार भरला कारण तुम्ही चर्चा करायला सांगितलं. राग मानू नका, मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं. "चर्चा करा" याला शेवट नसतो, चूक-बरोबर नसतं, मग माणूस मोबाईल काढणारच. चर्चा सांगायची नसते, ती व्हावी असा प्रश्न टाकायचा असतो.

साठ जण म्हणजे सहाच्या दहा टीम, अगदी योग्य आकार, पाच ते सात चालतात. पक्क्या बाकांचं काय, पुढच्या बाकावरच्या तिघी मागे वळल्या की झाली टीम, वर्षभर तीच जागा तीच टीम. टीम मध्येच बदलू नका, पहिला महिना तर एकमेकींशी नीट वागण्यातच जातो, खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

आधी दहा प्रश्नांची एकट्याची टेस्ट, मग तीच टीमला. टीमच्या टेस्टला स्क्रॅच कार्ड वापरतात, बरोबर पर्यायाखाली खूण असते, पहिल्याच खरवडीला सापडली तर चार मार्क, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. कार्ड नसेल तर उत्तरावर स्टिकर चिकटवा, तेही नसेल तर तुम्ही बरोबर उत्तरांची यादी घेऊन फिरा आणि फक्त "हो" किंवा "नाही" म्हणा. मुद्दा एवढाच की चूक तिथल्या तिथे कळली पाहिजे, दोन आठवड्यांनी तपासलेला पेपर हातात आला तर वाद संपलेला असतो.

माझ्याकडचं एक उदाहरण देते. प्रश्न होता 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचंय, सेट मिलीला 20 थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? एकट्याच्या टेस्टमध्ये बऱ्याच जणांनी 125 लिहिलं. मी फळ्यावर हा हिशोब त्याआधी तीन वेळा सोडवला होता हो! पण टीममध्ये एक मुलगी म्हणाली, "अगं 125 बरोबरच आहे पण ते तासाला मिली झाले, थेंब कुठे विचारलेत तू बघितलंस का", आणि मग दोघींनी 500 गुणिले 20 भागिले 240 करून 42 आणलं. 125 लिहिणारी परत ती चूक करणार नाही, कारण तिला कोणी चूक नाही म्हटलं, तिचं उत्तर कुठल्या प्रश्नाचं आहे ते सांगितलं. मला हे फळ्यापाशी उभं राहून सुचलंच नव्हतं.

टीम टेस्टनंतर एखादी टीम म्हणेल की आमचं उत्तर पण बरोबर आहे. बोलू देऊ नका, लिहून द्यायला सांगा, पुस्तकातल्या आधारासकट. मुलं मार्कासाठी जेवढं बारीक वाचतात तेवढं ज्ञानासाठी वाचत नाहीत, त्याचा फायदा घ्या. आणि मग तुम्ही शिकवा, पण फक्त जिथे बहुतेक टीम अडकल्या तेवढंच, पंधरा मिनिटं.

आता खरी मजा, केस. सगळ्या टीमना एकच केस, पर्यायांतून एकच निवडायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्या पर्यायाचं कार्ड वर करायचं. एकाच वेळी हे फार महत्त्वाचं, नाहीतर पहिली टीम जे बोलते त्यालाच बाकीच्या माना डोलावतात. मी द्यायचे ती केस अशी, ड्युटीवर आलात, चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? अ, कालच ऑपरेशन झालेला, दुखणं दहापैकी सात सांगतोय. ब, सीओपीडीचा म्हणजे फुफ्फुसांच्या जुन्या आजाराचा, ऑक्सिजन चालू, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 90 टक्के. क, डायबेटिसचा, सकाळी इन्सुलिन दिलंय, आता घामाघूम आहे आणि नातेवाईक म्हणतात गुंगीत बोलतोय. ड, अँटिबायोटिकची वेळ झालीय.

तीन-दोन-एक आणि कार्ड वर. दर वर्षी तीन-चार टीम ब वर करतात कारण 90 हा आकडा त्यांना भीती घालतो. त्यांना काही सांगू नका, समोरच्या क वाल्या टीमला विचारा की तुम्ही ब का सोडला. मग कोणीतरी उभी राहते आणि सांगते की सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना ऑक्सिजन देताना सॅच्युरेशन 88 ते 92 च ठेवायचं असतं, जास्त ऑक्सिजन दिला तर उलट त्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, म्हणजे तो 90 वर जागच्या जागी आहे. आणि क ची साखर खाली जातेय, तिथे मिनिटं मोजायची असतात, आधी शुगर तपासा. यावर अ वाल्या म्हणतात दुखणं काय दुखणं नाही का? भांडू द्या. त्या अर्ध्या तासात मोबाईल कुठे गेले ते तुम्हालाच कळणार नाही.

सगळा सिलॅबस असा करू नका, एवढ्या केस लिहिताना दमून जाल. एक युनिट घ्या आणि करून बघा.

प्रश्न : टीममध्ये मला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं पण मी बोलत नाही. आमच्यात एक जण आहे, तो एवढ्या कॉन्फिडन्सने बोलतो की सगळे त्याचंच लिहितात. मागच्या आठवड्यात पाच प्रश्न चुकले त्यातले तीन माझ्या पेपरवर बरोबर होते. मी नंतर पण सांगितलं नाही कुणाला. मी नर्सिंगसाठी बरोबर आहे का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि उत्तर लिहायला याच पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी शिकत असताना रात्रीच्या ड्युटीला एका पेशंटला रक्त चढवायचं होतं. सिनियर सिस्टर बॅग जोडत होत्या, मी बाजूला ट्रे घेऊन उभी. बॅगवरचं नाव बरोबर होतं, आणि माझी नजर सहज खाली गेली तर रजिस्ट्रेशन नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे वाटले. वाटले म्हणजे दिसलेच, पण मी स्वतःला सांगितलं की मलाच नीट दिसलं नसेल, यांना पंधरा वर्षं झालीत, आपण कोण. मी गप्प. तेवढ्यात दुसऱ्या सिस्टर आल्या, रक्त जोडताना दोघांनी वाचायचं असतं ना म्हणून त्यांनी नंबर मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यात थांबल्या. पेशंटला काही झालं नाही. मला त्या रात्री कोणी ओरडलंही नाही कारण मला ते आधी दिसलं होतं हे कोणाला माहीतच नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

त्यामुळे तू नर्सिंगसाठी बरोबर आहेस का हा प्रश्न सोड. उत्तर माहीत असणं हे एक काम आणि ते वेळेवर तोंडातून बाहेर काढणं हे दुसरं काम, आणि दुसरं कोणी शिकवतच नाही, सगळे समजतात की ते स्वभावात असतं. ते स्वभावात नसतं, ते सरावाने येतं, आणि सराव करायला तुझ्या या टीमपेक्षा चांगली जागा नाही. इथे तुझं चुकलं तर दोन मार्क जातील, एवढंच.

तू बोलायला हवंस ते फक्त तुझ्यासाठी नाही हे पण बघ. अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 699 लोकांना छोट्या छोट्या गटांत बसवून वेगवेगळी कामं दिली. गट किती चांगला चालतो हे त्यातला सगळ्यात हुशार माणूस किती हुशार आहे यावर फारसं ठरलं नाही. जास्त कशावर ठरलं, तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखता येणं यावर, आणि बोलायची पाळी सगळ्यांना सारखी मिळते का यावर. जिथे एक-दोघंच बोलत राहिले तो गट मागे पडला. तुझ्या पेपरवरचे ते तीन प्रश्न म्हणजे हेच की.

आता करायचं काय. टीम टेस्ट सुरू व्हायच्या आधीच आपलं उत्तर आणि त्यापुढे चार शब्दांत कारण एका चिठ्ठीवर लिही. मग "मला वाटतं" पासून सुरुवात नको, चिठ्ठी बघून वाच, "मी क लिहिलंय कारण असं असं". कागद वाचायला हिंमत कमी लागते. आणि टीमला एकदा सांग की आधी सगळ्यांनी आपापली उत्तरं टेबलावर ठेवायची आणि मग बोलायचं, हे तुला सांगायला जमत नसेल तर तुमच्या मॅडमना सांगायला लाव, त्या आनंदाने सांगतील. त्या कॉन्फिडन्सवाल्याला व्हिलन करू नको हं, बऱ्याचदा त्याला शांतता सहन होत नसते म्हणून तो बोलत सुटतो.

वॉर्डसाठी एक पायरी-पायरीची पद्धत आहे, अमेरिकेत 2006 पासून टीमस्टेप्स नावाचं ट्रेनिंग चालतं त्यातली. आधी म्हणायचं, "मला काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर, "मला हे बरोबर वाटत नाहीये." तरी नाही तर, "हे पेशंटसाठी सेफ नाही, थांबा." सिनियरला तुम्ही चुकताय म्हणायचंच नाही यात, आपल्याला काय दिसतंय तेवढंच बोलायचं. मला त्या रात्री यातलं पहिलं वाक्य जरी पाठ असतं तरी पुरलं असतं. आरशासमोर म्हण, हसू आलं तरी म्हण.

आणि ते तीन प्रश्न आज टीमला सांग. उशीर झालाय तरी सांग.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्यापासून टॉपर. आता टीमचे मार्क धरतात म्हणून तिला इतरांच्या चुकांचा फटका बसतोय असं मला वाटतं. हे योग्य आहे का?

ताई, उलटच होण्याची शक्यता जास्त आहे. मायकलसन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 222 टीमचे मार्क तपासले तेव्हा 97 टक्के टीमचे मार्क त्यांच्यातल्या सगळ्यात हुशार मेंबरपेक्षाही जास्त निघाले. टॉपरला पण दोन-तीन गोष्टी माहीत नसतात आणि नेमक्या त्या कोपऱ्यातल्या कोणाला तरी माहीत असतात. तिचे एकटीचे मार्क वेगळे धरले जातातच. बाकी, वॉर्डात टॉपरला वेगळा पेशंट देत नाहीत.

प्रश्न : मी वॉर्डात इंचार्ज आहे. वर्गात टीम-टीम खेळून आलेली मुलं आमच्याकडे येतात, बोलायला पुढे, पण बीपी घ्यायला सांगितलं की दंडाला बांधायचा पट्टा, कफ, उलटा. आमच्या वेळी हाताने शिकायचो. याचा वॉर्डात नक्की उपयोग काय?

सिस्टर, कफचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या होत्या, माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि खऱ्या कामात रोज करणं. वर्गातली टीम फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेते. कफ बांधणं, कॅन्युला, ड्रेसिंग हे लॅबमध्ये आणि तुमच्या हाताखालीच होणार, आणि ज्या कॉलेजने टीमच्या नादात स्किल लॅबचे तास कापले त्यांनी चूक केली असं मी स्पष्ट म्हणेन.

पण "बोलायला पुढे" हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, ते मला तसं वाटत नाही. आपल्या वेळी हाताने शिकलो हे खरं, आणि तोंड बंद ठेवायलाही आपल्याच वेळी शिकलो. वर त्या रक्ताच्या बॅगेची माझी रात्र लिहिलीय ती वाचा. बोलणारं पोर मिळालंय तर त्याला काय बोलायचं ते शिकवा, पुढचं सोपं आहे. पाणबुडीवर काम करणाऱ्या अमेरिकन नेव्हीकडून हॉस्पिटलांनी हँडओव्हरची, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवायची, एक ठरलेली घडी घेतली, एसबार म्हणतात तिला, आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं आणि काय करायला हवं, या क्रमाने. टीममध्ये कारण देऊन बोलायची सवय लागलेली मुलं ही घडी पटकन उचलतात, तुम्हीच बघा.

उद्या सकाळच्या हँडओव्हरला एका पेशंटचं सांगायला त्या कफ उलटा बांधणारीलाच उभी करा. अडखळली तर थांबू द्या, मध्ये पुरवू नका. आणि काही चुकलं तर सगळ्यांसमोर नको, औषधाच्या ट्रॉलीपाशी बाजूला घेऊन सांगा, जाताजाता कफ पण सरळ बांधून दाखवा.